रमणभाऊंचं दुपारचं भूत

"ताई, भूत दुपारलेच येस," असं रमणभाऊ सांगत, तेव्हा त्यांच्या स्वरात ना गूढ असे ना गंमत. दूधवाला पहाटे येतो, पोस्टमन अकराच्या सुमारास येतो आणि भूत दुपारी बाराच्या पुढे येतं, इतक्या साध्या सुरात ते बोलत. आणि मग स्टुलावर चढून लग्नाच्या अल्बमांवरची धूळ झटकू लागत.

देवपुरात, पांझरेच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आज त्या जागी मोबाइलची रंगीत कव्हरं वाऱ्यावर एकमेकांवर आपटत असतात. रमणभाऊ मुलीकडे सुरतेला गेले, एवढंच कळलं. त्या रस्त्याने कॉलेजात जाता-येता मी त्यांना नीट आठवू पाहते, आणि दर वेळी माझी आठवण दोन वेगळ्या माणसांपाशी जाऊन थांबते. एक, तीस वर्षं दुसऱ्यांच्या लग्नांचं चित्रण करून पोट भरणारा कारागीर, ज्याला एकदा सिनेमा करावासा वाटला. दुसरा, तीस वर्षं लग्नांच्या गर्दीत लपून बसलेला कोणीतरी. यांतला खरा कोणता, हे मला तेव्हाही उमगलं नव्हतं.

ठेंगणे, रुंद बांध्याचे, उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला. अंगाला कायम सुकलेल्या मोगऱ्याचा आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा मिळून एक वास असे. लग्नसराई संपून महिना लोटला तरी तो त्यांच्या शर्टातून जात नसे. आणि चालणं उलटं. वरातीपुढे, नवरानवरीपुढे, कॅमेरा डोळ्याला लावून मागे मागे सरकण्यात हयात गेलेली. त्यामुळे पाठीमागे चालताना त्यांचा पाय कधी अडखळला नाही. सरळ चालताना मात्र ते स्वतःच्या दुकानाच्या पायरीलाही ठेचकाळत. "पुढलं दिसनं का माले भ्याव वाटस," असं म्हणत अंगठा चोळत बसत.

मी कॉलेजात मराठी शिकवते. एका मार्चमध्ये ते माझ्या वर्गाबाहेर येऊन उभे राहिले. हातात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, आणि पत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर बारीक अक्षरात संवाद लिहिलेले होते. एका बाजूला गणपती, कुलदैवत, चिमुकल्यांचं आग्रहाचं आमंत्रण. उलटून पाहावं तर 'भूत (हळू आवाजात): तू आलास.'

"भाषा तेवढी सुधारून द्या," ते म्हणाले. "भयपट करतोय."

वाचताना ध्यानात आलं की त्यात जिवंत माणसं सगळी अहिराणी बोलत होती आणि भूत तेवढं अत्यंत शुद्ध, पुस्तकी मराठी. मी विचारलं, "ही बाई याच गावची ना? मग ही अशी का बोलते?"

"मरी गयी ना ती," रमणभाऊ म्हणाले. "आते तिले कोनी हसाव नही."

मी पेनाचं टोपण लावून टाकलं. त्या कागदांत मी एक अक्षरही बदललं नाही. पुढे केळीच्या बागेत चित्रण झालं तेव्हा तिथल्या वाऱ्यात काहीच धड ऐकू येईना, म्हणून भुताचे सगळे संवादच गळाले. पण ते एक वाक्य माझ्याजवळ राहून गेलं.

गोष्ट तशी लहान होती. बोहल्यावर अंतरपाट सुटायच्या आधीच मेलेली एक नवरी. तिचा चेहरा कोणी पाहिलाच नाही. म्हणून ती डोक्यावरून पदर ओढून, तोंड झाकून, केळीच्या बागेत भर दुपारी फिरते. कॉलेजातली चार मुलं तिथे राहायला येतात, भितात, पळतात, आणि शेवटी त्यांतली दोघं तिच्यापुढे अंतरपाट धरतात. तो खाली पडतो. तिचा चेहरा दिसतो, आणि ती सुटते. बस. मुलं आमच्याच कॉलेजातली होती. त्यांची नावं त्यांच्या गल्लीबाहेर कोणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांच्यातला सागर तेवढा एकदा गणेशोत्सवातल्या नाटकात दरोडेखोर झालेला, म्हणून तो नायक.

दुपारच का, याची तीन कारणं मी त्यांच्या तोंडून ऐकली. पहिलं, दिवे भाड्याने आणायची ऐपत नाही. दुसरं, रात्री सगळेच भितात, त्यात काय मोठं. खानदेशातल्या माणसाला खरी भीती वाटते ती वैशाखातल्या त्या एक-दोन तासांत, जेव्हा रस्त्यावर कुत्रं नसतं आणि स्वतःची सावलीसुद्धा पायाखाली शिरून बसते. तिसरं कारण त्यांनी एकदाच सांगितलं. लहानपणी अशाच एका दुपारी त्यांना बागेतून आईने नावाने हाक मारली होती, आणि ते धावत घरी गेले तर आई तापाने निजलेली होती, दोन दिवस बोललीच नव्हती. तिन्ही कारणं त्यांनी सारख्याच सरळपणाने सांगितली. मी कोणतं धरावं?

यावलच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी, नाना नावाच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याची केळीची बाग होती. बाहेर ऊन पांढरं होऊन डोळ्यांत टोचत असे. बागेत पाऊल टाकलं की एकदम हिरवा, ओला अंधार. पानांना पानं घासून कापड फाटल्यासारखा आवाज येई. नळ्यांतून मुळाशी पाणी ठिबकत असे, आणि त्या थेंबांची लय कानांत बसली की वेळेचं भान सुटे. भुताची पांढरी साडी पहिल्याच दिवशी केळीच्या चिकाने डागाळली. ते डाग वाळून असे तपकिरी, काळपट झाले की रक्तासाठी आणलेली कुंकवाची पुडी उघडावीच लागली नाही.

तिथेच मी रमणभाऊंची काम करायची रीत पाहिली. लग्नाच्या चित्रणाचा पहिला नियम असा की ज्याने लग्नाला हात लावला, तो प्रत्येक जण चित्रात यायलाच हवा. एखादा मामा सुटला तर दोन घरांत अबोला. हाच नियम त्यांनी भयपटाला लावला. भूत पहिल्यांदा दिसतं त्या प्रसंगात मागे बांधावर नाना, नानांचे भाऊ, पहूरहून आलेले त्यांचे साडू आणि आणखी तिघे असे सहा जण ओळीने बसवले होते.

"भाऊ," सागर कळवळून म्हणाला, "मी इकडे भुताला भिऊन पळतोय, आणि मागे साडू चहा पिताहेत."

"पिऊ दे. त्यास्नी बाग दिधी, भाकर दिधी. बठ्ठास्ना चेहरा येवाले जोयजे."

"पण त्यांना भूत दिसत नाही का?"

रमणभाऊंनी विचार केला. "दिसस," ते म्हणाले. "त्यास्ले सवय शे."

आम्ही हसून लोटपोट झालो. मात्र ते दृश्य मी नंतर स्टुडिओत पाहिलं तेव्हा हसू आलं नाही. एक मुलगा जिवाच्या आकांताने धावतो आहे, आणि मागे सहा माणसं बशीतला चहा फुंकत त्याच्याकडे शांतपणे पाहत आहेत. अंगावर काटा आला. रमणभाऊंना हे आधीच ठाऊक होतं, की ते फक्त नानांचा मान राखत होते? मी विचारलं, तर म्हणाले, "साडूंचा चेहरा जरा काळा आलाय, नाही?"

भूत झालेली वैशाली माझीच विद्यार्थिनी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली. तिला रमणभाऊंनी शोधलं ते त्यांच्याच जुन्या चित्रणांतून. तिच्या दोन्ही थोरल्या बहिणींची लग्नं त्यांनी टिपली होती, आणि दोन्हींत कडेकडेने ताट घेऊन जाणारी एक उंच मुलगी होती. पाण्यावरून यावी तशी चालणारी. ती नेहमी मागच्या रांगेत, नेहमी कोणाच्या तरी डोक्याआड अर्धी. "तिना चेहरा मनाकडे पुरा नहीच," रमणभाऊ अपराध्यासारखं म्हणाले होते, जणू त्यांच्याकडे तो नसणं हा त्यांचाच गुन्हा.

तिचे वडील, आबा, एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांनी परवानगी दिली, एका अटीवर. "पोर चालेल, फिरेल, जे काय ते करेल. तोंड दिसायला नको. अजून तिचं जमायचंय."

तोंड तर झाकलेलंच होतं, शेवटचा एक शॉट सोडून. आणि वैशालीला हवा होता तोच. चित्रणाच्या दुसऱ्या दिवशी, पायांतला चिखल पानाने पुसता पुसता तिने मला विचारलं, "मॅडम, शेवटी माझं तोंड दिसणार ना?"

"तुला एवढं का हवंय?"

"उंच म्हणून कायम मागे उभी करतात. शाळेच्या फोटोत नाही, बहिणींच्या लग्नात नाही. आईच्या फोटोत नुसता खांदा आहे माझा." मग तिने पदर पुन्हा ओढून घेतला. "एकदा दिसलं पाहिजे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

रमणभाऊंनी तिला शब्द दिला होता. "आबास्ले मी समजावस." त्यासाठी ते दर रविवारी आबांकडे जात. सोमवारी मी विचारी, "काढला विषय?"

"काल भरीत व्हतं, ताई."

पुढच्या सोमवारी आबांच्या गुडघ्याचं निघालेलं असे, त्याच्या पुढच्या सोमवारी भावाच्या जमिनीचं. विषय निघाला नाही, आणि दरम्यान वैशालीचं लग्न ठरलं. भुसावळचा मुलगा, रेल्वेत नोकरी. चित्रणाचं काम अर्थातच रमणभाऊंकडे.

आता दिवस मोजके राहिले. एकदा हळद लागली की मुलगी उंबरा ओलांडत नाही. आणि हळदीच्या अंगाने मेलेल्या नवरीचं सोंग घेणं तर कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. हळदीच्या दोन दिवस आधी शेवटचा शॉट घ्यायचं ठरलं. "मॅडमसोबत जाऊन येते," असं वैशालीने घरी सांगितलं. माझं नाव त्यात वापरलं गेलं, आणि मी ते वापरू दिलं. चूक केली की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा बाग नव्हती. आदल्या संध्याकाळी वादळ झालं होतं. घडांच्या ओझ्यासकट केळी एकाच दिशेला आडव्या पडल्या होत्या, कोणी मोठ्या हाताने विंचरल्यासारख्या. हिरवा अंधार नाहीसा झाला होता. सगळीकडे तेच बाहेरचं पांढरं ऊन, आणि मोडल्या खोडांचा गोडूस, कच्चा वास. नाना बांधावर बसून होते.

रमणभाऊंनी कॅमेऱ्याची पिशवी गाडीतून काढलीच नाही. बाह्या सरसावून ते आत शिरले आणि त्यांनी एक घड उचलला. सागर गेला, मुलं गेली, वैशालीही गेली. दिवसभर आम्ही घड वाहत होतो. उन्हं कलताना मी हळूच म्हटलं, "एखाद्या भिंतीपुढे पडदा धरला तरी चालेल. पाच मिनिटांचं काम आहे."

"नानानी बाग पडेल शे, ताई," ते म्हणाले. "आज कॅमेरा काढाना नही."

वैशालीने ते ऐकलं. साडीची पिशवी मांडीवर घेऊन परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर पाहत राहिली. तिच्या दंडावर चिकाचे डाग होते. दोन दिवसांनी हळदीखाली ते दिसेनासे झाले असतील.

लग्नाला मी होते. प्रत्येक नवरीला रमणभाऊ एक सूचना देत: कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, मी इथे नाहीच असं समजायचं. वैशालीलाही दिली; मी ऐकली. मंगलाष्टकं चालली. कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट भटजींनी आणि मामांनी धरला होता. रमणभाऊ नवऱ्याच्या खांद्यामागे चौरंगावर उभे होते. 'सावधान' झालं, अक्षतांचा वर्षाव झाला, अंतरपाट खाली आला.

नवरीने मान खाली घालायची असते, किंवा नवऱ्याकडे पाहायचं असतं. वैशालीने समोर पाहिलं, नवऱ्याच्या खांद्यावरून, थेट भिंगात. तांदूळ तिच्या पापण्यांवर पडत होते आणि ती पापणी लववत नव्हती. तीन-चार श्वास गेले असतील. मग तिने हार उचलला.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. आबा तर डोळे पुसत होते.

चार दिवसांनी रमणभाऊंनी मला स्टुडिओत बोलावलं आणि ते चित्र पडद्यावर थांबवून ठेवलं. आम्ही दोघं पंख्याच्या घरघरीत बराच वेळ पाहत बसलो. मुंडावळ्या, कपाळावर घामाचे बारीक थेंब, आणि ती नजर. तिच्यात आनंद होता, की निरोप, की नुसता हट्ट? कवितेच्या वर्गात मी मुलांना सांगत असते, शब्द थांबतात तिथे ऐका. इथे मी ऐकत होते आणि काहीच ऐकू येत नव्हतं.

"हे माझ्यासाठी नव्हतं," रमणभाऊ अखेर म्हणाले. मन गोंधळलं की ते प्रमाण भाषेकडे वळत. "हे लग्नातलं आहे. एका घरचं मंगल उचलून सिनेमात लावायचं, तेही भुताच्या तोंडाला. तीस वर्षांत केलं नाही असं." पुन्हा पडद्याकडे पाहून म्हणाले, "पण मग तिने का पाहिलं?"

"तिलाच विचारा."

वैशाली पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा नवऱ्याला घेऊन लग्नाची फिल्म न्यायला स्टुडिओत आली. नवरा, नितीनराव, मवाळ स्वभावाचे होते. बायकोने सिनेमात भुताचं काम केल्याचं तिने त्यांना लग्नानंतर आठवड्यातच सांगून टाकलं होतं, आणि ते हसले होते. "पण आईला एवढ्यात नको," म्हणाले होते. रमणभाऊंनी दोघांना ते चार श्वास दाखवले. नितीनराव म्हणाले, "हिचं काम आहे, हिनेच ठरवावं," आणि ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

वैशाली आपल्याच चेहऱ्याकडे पाहत राहिली. "छान आलाय," ती म्हणाली.

"लावू सिनेमाले?"

"भाऊ, मी सिनेमासाठी बघितलं की लग्नात बघितलं, हेच मला कळत नाही." तिने बोटाने पडद्यावरची धूळ पुसली. "कळलं की सांगते."

त्यानंतर तीन महिने गेले. निरोप आला नाही. रमणभाऊंनी फोन केला नाही. विचारलेलं पुन्हा विचारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. सिनेमा मात्र पुरा झाला, आणि एका रविवारी, दुपारी बाराला, देवपुरातल्याच एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्याचा पहिला खेळ ठरला. शेवट काय केला, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "अजून मालेच समजत नही."

खिडक्यांना लग्नातले जाड लाल पडदे ओढले होते. मुलांचे आईवडील आले होते, नाना बांधावरच्या बाकी पाचही जणांना घेऊन आले होते. मी दारात उभी होते. वैशाली नितीनरावांबरोबर आली, मागून सासूबाई; म्हणजे त्यांनाही एव्हाना कळलं असावं. जिना चढून तिला धाप लागली होती.

"मॅडम, भाऊ कुठे आहेत? मला त्यांना सांगायचंय."

आतले दिवे नुकतेच मालवले होते. खेळ सुरू झालाच होता, मागून माणसं चढत होती, सासूबाई "बसायचं कुठं" म्हणत होत्या. "ते मागे, मशीनपाशी आहेत," मी म्हटलं. "संपल्यावर सांग."

ती तिसऱ्या रांगेत बसली.

लोक हसले, लोक भ्याले. साडूंच्या चहाला हॉलमध्ये असा सन्नाटा पसरला की साडू स्वतःच खुर्चीत चुळबुळले. पदर ओढलेली ती पांढरी आकृती पाण्यावरून यावी तशी केळींतून आली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका पोरीने आईच्या कुशीत डोकं खुपसलं. मग शेवट आला. सागरने आणि दुसऱ्या मुलाने अंतरपाट धरला. त्या पांढऱ्या कापडाने सगळा पडदा भरून गेला.

कापड खाली आलं. मागे कोणी नव्हतं. पांढऱ्या उन्हात आडव्या पडलेल्या केळी होत्या, एकाच दिशेला, दूरपर्यंत. म्हणजे रमणभाऊ नंतर कधीतरी तिथे जाऊन आले होते, एकटेच. चित्र हललं नाही. तेवढ्याच तीन-चार श्वासांनी ते काळं झालं.

अंधारात कुजबुज सुरू झाली. संपला का, असं कोणीतरी विचारलं. मागून नानांचा आवाज आला, "अरे रमण, पोर कोठे गयी?"

"तिना घर गयी," रमणभाऊ म्हणाले.

काही जण हसले. तिसऱ्या रांगेत वैशाली उभी राहिली. तिची उंची अंधारातही कळली. ती मागे वळली होती, आवाज आला त्या दिशेला. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, कोणालाच दिसत नव्हतं. ती हो सांगायला आली होती की नाही, हे मी त्या दिवशी तिला विचारलं नाही आणि नंतर विचारायचं धैर्य झालं नाही.

खेळ संपला की पडदा सारून उजेड करायचं काम रमणभाऊंनी स्वतःकडे घेतलं होतं. मशीनच्या बारीक निळ्या दिव्यात ते मला दिसले. खिडकीपाशी उभे होते, पडद्याची कड मुठीत धरलेली. बाहेर भर दुपार होती. लाल कापडाच्या विणीतून ऊन टाचणीसारखं आत येत होतं.

"भाऊ, उजेड करा," कोणीतरी म्हणालं. माणसं चपला चाचपत होती, पोरं रडू लागली होती. "भाऊ, पडदा सारा ना." तिसऱ्या रांगेत वैशाली अजून त्यांच्याच दिशेला तोंड करून उभी होती.

त्यांनी दुसरा हातही वर नेला आणि पडदा दोन्ही हातांनी गच्च मिटून धरला.